मुंबईत बाम विकून त्या पैशांवर तेलुगू पेपर काढणारा माणूस

मुंबई-पुणे रस्त्यानं जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला बोरघाटातला अमृतांजन पूल माहिती होता. १८३० साली ब्रिटिशांनी तो बांधला. पुलाला हे नाव काही सरकारनं दिलेलं नव्हतं. त्यावर अमृतांजन बामची मोठी जाहिरात असायची, म्हणून लोकांनी पुलालाच बामचं नाव देऊन टाकलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ते रिकामे असताना हा पूल पाडण्यात आला.

पूल गेला, बाम मात्र राहिला. आजही नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या गावात किराणा दुकानात डोकं दुखतंय म्हणून काही मागितलं, तर गोळीच्या बरोबरीनं बामची डबी पुढे येते. दिवसभर सोयाबीन काढून कंबर धरली की बाम, गुडघे दुखले की बाम, सर्दी झाली तरी बामच.

पण या पिवळ्या बामच्या मागं असलेला माणूस आपल्याकडं फारसा कुणाला माहिती नाही. तो वैद्य नव्हता, डॉक्टर नव्हता. तो पुढे संपादक झाला, तुरुंगात गेला, एका प्रांताचा काँग्रेस अध्यक्ष झाला. आणि ज्या मागणीसाठी तो झटला, तिचा धागा पुढे थेट नांदेड-लातूरच्या नकाशापर्यंत येऊन पोचला.

त्याचं नाव काशीनाथुनी नागेश्वर राव.

कृष्णा काठचा पदवीधर मुंबईत आला

१८६७ साली आत्ताच्या आंध्र प्रदेशातल्या कृष्णा जिल्ह्यात नागेश्वर राव यांचा जन्म झाला. सुरुवातीचं शिक्षण तिकडंच, मछलीपट्टणमला झालं. नंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून त्यांनी १८९१ मध्ये पदवी घेतली. लोक त्यांना पुढे पंतुलु म्हणायला लागले. तेलुगूतले पंतुलु म्हणजे आपल्याकडचे पंत.

त्या काळात पदवी मिळवलेल्या पोरानं सरकारी नोकरी धरायची, हा ठरलेला रस्ता होता. नागेश्वर राव यांच्या डोक्यात मात्र धंदा होता. आधी त्यांनी कलकत्ता गाठलं. तिथं काही काळ काढून ते मुंबईत आले आणि एका कंपनीत कामाला लागले. औषधांच्या धंद्यात माल कसा तयार होतो, कसा विकला जातो, हे त्यांनी नोकरी करता करता समजून घेतलं.

आणि १८९३ साली त्यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं.

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं ते याच साली. मुंबईत कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या. कोकणातून, घाटावरून, तेलंगणातून माणसं पोट भरायला शहरात येत होती. दहा-बारा तास उभं राहून काम करायचं आणि रात्री चाळीतल्या खोलीत अंग टाकायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

या माणसांचं अंग दुखायचं तेव्हा ते काय घेत असतील? आज आपण मेडिकलमधून पटकन गोळी आणतो. पण १८९३ मध्ये अ‍ॅस्पिरिनसुद्धा बाजारात आलेली नव्हती. जर्मनीच्या बायर कंपनीनं ती विकायला काढली १८९९ मध्ये. पॅरासिटामॉलची गोळी सर्रास मिळायला तर १९५० चं दशक उजाडावं लागलं. डॉक्टर होते, पण मजुराला परवडणारे नव्हते.

अशा वेळी खिशात मावेल, कुणालाही न विचारता लावता येईल आणि लावल्या लावल्या काहीतरी होतंय असं जाणवेल, अशी वस्तू आली तर ती चालणारच होती. पण नुसतं चांगलं असून भागत नाही, लोकांना कळावंही लागतं. नागेश्वर राव यांनी गाण्याच्या मैफलींमध्ये बामचे नमुने फुकट वाटले, असं सांगितलं जातं. तास न् तास बसून मान आखडलेल्या श्रोत्याला तिथल्या तिथं बाम लावायला मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नाव घेऊनच मागणार.

धंदा वाढला. नागेश्वर राव श्रीमंत झाले.

बाम नेमकं करतो काय?

हे समजायचं असेल तर मुंबईतून थोडा वेळ नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला यायला लागेल.

तेलंगणाच्या सीमेवरचं हे गाव लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही कानावर पडतात. मिरचीच्या पोत्यांत काम केलेल्या माणसाला विचारा, हात दिवसभर भगभगतात. पण त्या हाताला थर्मामीटर लावला तर तो भाजलेला नसतो. मग आग कशाची होते?

मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या कातडीखालच्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक छोटं दार असतं, त्याला शास्त्रज्ञ टीआरपीव्ही-१ म्हणतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही गरम लागलं की हे दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजतंय. कॅप्सेसिन हेच दार गरम नसताना उघडतं. मेंदूला वाटतं चटका बसला, प्रत्यक्षात बसलेला नसतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमनं १९९७ मध्ये हे दार शोधून काढलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तेही मिरचीच्या मदतीनं लावलेल्या शोधासाठी.

बाममधल्या पुदिन्याच्या सत्त्वाचं, म्हणजे मेंथॉलचं काम असंच चालतं. फक्त ते थंडीचं दार उघडतं. कापूर, निलगिरी तेल आणि गंधपुरा तेल हे बाममध्ये नेहमी सापडणारे बाकीचे पदार्थ. गंधपुऱ्यातलं मुख्य द्रव्य अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं. त्यातून गार, मग ऊबदार, मग थोडं झणझणीत असं वाटत जातं. मेंदूकडं हे सगळे निरोप एकदम गेले की दुखण्याचा निरोप त्या गर्दीत मागं पडतो. गुडघा आपटल्यावर आपण आपोआप तिथं हात चोळतो ना, साधारण तसंच. शिवाय बाम लावताना चोळणं होतं, त्याचाही फायदा मिळतो.

म्हणजे बाम दुखण्याचं कारण काढत नाही. तो दुखणं काही वेळ झाकतो.

मिरचीचं मलम इथं थोडं वेगळं पडतं. कॅप्सेसिन रोज लावत राहिलं तर तीच मज्जातंतूंची टोकं हळूहळू थकतात आणि निरोप पाठवणं कमी करतात. म्हणून गुडघ्याच्या झिजेत, नागीण बरी झाल्यावर मागं राहणाऱ्या आगीत किंवा मधुमेहामुळे पायात होणाऱ्या जळजळीत डॉक्टर असं मलम सुचवतात. त्यात कॅप्सेसिनचं प्रमाण अगदी कमी, साधारण ०.०२५ ते ०.०७५ टक्के असतं. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे लावावं लागतं. पहिले काही दिवस आगच जास्त होते आणि बरेच जण नेमके तेव्हाच सोडून देतात. सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही.

मिरचीचा हा उपयोग त्या काळात परदेशातही चालला होता. अमेरिकेत अर्ल स्लोन नावाच्या माणसानं वडिलांचं घोड्यांना चोळायचं औषध माणसांसाठी विकायला काढलं. त्यात मिरचीचा अर्क होता. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या औषधतज्ज्ञानं मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली. आज इन्स्टाग्रामवर जगातली सर्वात तिखट मिरची खाणारी पोरं ज्या स्कोव्हिलचा आकडा सांगतात, ते हेच. हा माणूस आचारी नव्हता, औषध कंपनीत काम करत होता.

आता हे वाचून घरातली मिरची पूड तेलात कालवून गुडघ्याला लावायची नाही. तिच्यात कॅप्सेसिन किती आहे हे आपल्याला मोजता येत नाही आणि कातडी सोलवटू शकते. मलम असो की बाम, जखमेवर लावायचं नाही. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. लावून झालं की साबणानं हात धुवायचे, नुसत्या पाण्यानं कॅप्सेसिन निघत नाही, आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला कापराचा बाम लावणं धोक्याचं आहे आणि तो पोटात गेला तर जास्तच. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दुखून डाव्या हातात कळ गेली, कंबरेबरोबर पाय लुळे पडायला लागले, लघवीवरचा ताबा गेला, तर बाम चोळत बसायचं नाही. तिथं झाकलेलं दुखणं जिवावर बेततं.

बामचा पैसा गेला कुठं?

आता परत मुंबईत जाऊ.

१९०७ च्या डिसेंबरमध्ये सुरतला काँग्रेसचं अधिवेशन झालं. जहाल आणि मवाळ यांच्यात तिथं फूट पडली. नागेश्वर राव या अधिवेशनाला गेले होते असं सांगतात. देशात एवढं घडतंय आणि ते आपल्या भाषेत आपल्या माणसांपर्यंत पोचवणारं ताकदीचं पत्र आपल्याकडं नाही, ही गोष्ट त्यांना लागली. महाराष्ट्रात टिळकांचा केसरी काय करू शकतो, हे तर मुंबईत राहून त्यांच्या डोळ्यासमोर होतं.

पुढच्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पेपरात लिहिलं म्हणून माणूस मंडालेला जातो, हे सगळ्या शहरानं पाहिलं.

आणि त्याच मुंबईत, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागेश्वर राव यांनी आंध्र पत्रिका हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. बाम विकून सुखात बसता आलं असतं, पण त्यांनी धोका असलेला धंदा निवडला.

म्हणजे तेलुगू पत्रकारितेतलं एक मोठं नाव जन्माला आलं ते मुंबईत.

१९१४ मध्ये ते मद्रासला गेले आणि आंध्र पत्रिका दैनिक झालं. बामचा कारभारही मद्रासला गेला. पहिल्या महायुद्धाचं ते वर्ष. युद्धाच्या बातम्या तेलुगूत रोज वाचायला मिळतात म्हटल्यावर पेपर घरोघर गेला.

नागेश्वर राव एवढ्यावर थांबले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी भारती हे वाङ्मयीन मासिक काढलं. तेलुगू साहित्यात त्याला आपल्याकडच्या सत्यकथेसारखा मान मिळाला. १९२६ मध्ये त्यांनी आंध्र ग्रंथमाला काढली आणि पुस्तकं कमी किमतीत लोकांच्या हाती दिली. गावोगाव वाचनालयं उभी राहावीत म्हणून चाललेल्या चळवळीलाही त्यांनी पैसा दिला.

यातली एक गोष्ट मराठी माणसाच्या जवळची आहे. कोमर्राजू लक्ष्मण राव नावाचे विद्वान तेलुगू ज्ञानकोश तयार करत होते. हे लक्ष्मण राव शिकले नागपुरात आणि त्यांना मराठी उत्तम येत होतं. आपल्याकडं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी धडपडत होते, जवळपास त्याच काळात. १९२३ मध्ये लक्ष्मण राव गेले आणि कोशाचं काम अर्धवट राहिलं. ते पुढे नेण्यासाठी खर्चाला उभे राहिले नागेश्वर राव.

एवढ्या सगळ्यात पैसा जात होता आणि तो येत होता बामच्या छोट्या बाटलीतून. मद्रास, मुंबईत कुणाचं तरी डोकं दुखायचं आणि तेलुगूत एक पुस्तक छापलं जायचं, असंच म्हणायला हवं.

तुरुंग आणि श्रीबागचा करार

१९२४ पासून जवळपास दहा वर्षं नागेश्वर राव आंध्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला म्हणून इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. वय साठीच्या पुढं गेलेलं. तुरुंगात त्यांनी भगवद्गीतेवर लिहिलं. लोकांनी त्यांना देशोद्धारक ही पदवी दिली होती. १९३५ मध्ये आंध्र विद्यापीठानं त्यांना कलाप्रपूर्ण हा सन्मान दिला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, अमृतांजन ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली.

पण त्यांच्या मनात अजून एक विषय होता. तेलुगू बोलणारे लोक तेव्हा विभागलेले होते. बरेच मद्रास प्रांतात, तर तेलंगणातले निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मद्रास प्रांतातल्या तेलुगू भागाचा वेगळा आंध्र प्रांत व्हावा अशी मागणी होती. अडचण अशी की किनाऱ्यावरचा भाग सधन आणि रायलसीमा दुष्काळी. एकत्र आलो तर किनाऱ्यावरचे लोक आपल्याला विचारणार नाहीत, अशी भीती रायलसीमाच्या नेत्यांना होती.

१६ नोव्हेंबर १९३७ ला दोन्हीकडचे नेते नागेश्वर राव यांच्या मद्रासमधल्या घरी जमले. घराचं नाव श्रीबाग. तिथं करार झाला. सिंचनाच्या पाण्यात रायलसीमाला आधी वाटा, विद्यापीठ आणि हायकोर्टासारख्या गोष्टी दोन भागांत वाटून घ्यायच्या, असं त्यात ठरलं.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाडा महाराष्ट्रात येताना अशीच बोलणी झाली होती. मागं राहिलेल्या भागाला न्याय मिळेल का, हाच प्रश्न. तिकडं रायलसीमा, इकडं मराठवाडा. करार कागदावर झाला, पण तो पाळला गेला का यावर भांडण दोन्हीकडं वर्षानुवर्षं चाललं.

श्रीबाग करारानंतर पाच महिन्यांत, ११ एप्रिल १९३८ ला नागेश्वर राव यांचं निधन झालं. आंध्र प्रांत त्यांना बघायला मिळाला नाही.

नांदेड-लातूरचा नकाशा

नागेश्वर राव गेले तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, पण राज्य तेच राहिलं. मराठी, तेलुगू आणि कानडी भाग एकाच हैदराबाद राज्यात.

मग १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु यांनी आंध्र राज्यासाठी मद्रासला उपोषण केलं आणि १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. आंध्र पेटलं. नेहरूंना मान्य करावं लागलं आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. एकाला भाषेवर राज्य दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले.

मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा हा भाग तेलुगू बाजूला गेला, तसाच देगलूर तालुक्यातला बिचकुंदा आणि जुक्कलचा भाग. उलट आदिलाबाद जिल्ह्यातलं किनवट इकडं आलं. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुकेही इकडं आले. हे तिन्ही तालुके आज लातूर जिल्ह्यात आहेत.

हे सगळं एकट्या नागेश्वर राव यांनी केलं असं कुणी म्हणणार नाही. ते त्याआधी पंधरा-अठरा वर्षं गेले होते. पण तेलुगू माणसाला स्वतःचा पेपर, स्वतःची पुस्तकं आणि आपण एक आहोत ही जाणीव देणाऱ्यांत ते पहिल्या फळीत होते. त्या जाणिवेतून आंध्र राज्य उभं राहिलं, आणि आंध्र झालं म्हणून हैदराबादची वाटणी पुढे सरकली.

सीमा आखली गेली, पण देगलूर, धर्माबाद, किनवटच्या बाजारातून तेलुगू गेली नाही. सोयरिकी गेल्या नाहीत. मिरची इकडून तिकडं जातच राहिली.

चेन्नईच्या मैलापूर भागात आज नागेश्वर राव पार्क आहे. आंध्र पत्रिका पुढे बंद पडली. बोरघाटातला पूलही आता नाही. बाम तेवढा सगळीकडं आहे. दिवसभर शेतात वाकून घरी आलेली एखादी बाई रात्री कंबरेला चोळून घेते, तेव्हा तिला तासभर झोप लागते. दुखण्याचं कारण दुसऱ्या दिवशी तिथंच असतं, त्यासाठी दवाखाना गाठावाच लागतो. पण ती झोपही तिच्या हक्काची असते, आणि १८९३ साली नागेश्वर राव यांनी तीच छोट्या बाटलीत भरून विकायला काढली होती.